डाव्या बगलेचा पुना

सुरत रस्त्यावरच्या बारच्या दारावर उभ्या राहणाऱ्या पहिलवानांबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं, की मी आधी त्याच्या तोंडाचा वास घेतो. माझं पानाचं दुकान त्या बारांच्या अगदी समोर होतं. निम्मं आयुष्य मी त्यांच्या मारामाऱ्या बघत पानं लावली आहेत. त्यामुळे त्यांच्यातल्या एकाचं कौतुक करायला मी आज बसलो आहे, तर ते उगाच नाही हे आधीच सांगून ठेवतो.

ऐंशीनंतर धुळ्याच्या बाहेर त्या रस्त्याला एकामागून एक परमिट रूम उघडल्या. कारण साधं होतं. तिकडे गुजरातेत दारूबंदी, इकडे मोकळं. शनिवार आला की सुरत-बारडोलीकडच्या गाड्या यायला लागत. मंडळी घरून सांगून निघायची, अजिंठा बघायला चाललो. त्यातली बरीचशी धुळ्याच्या पुढे कधी गेलीच नाहीत. परत जाताना माझ्याकडून अजिंठ्याच्या चित्रांची कार्डं मात्र न चुकता विकत घ्यायची. लेणी कोणत्या गावाजवळ आहेत हेही काहीजण मलाच विचारायचे, म्हणजे घरी सांगताना चूक नको.

आता हे पाहुणे काही वाईट नव्हते. पण ज्याला आठवडाभर चोरून प्यावी लागते, तो उघड्यावर मिळाली की घाई करतो. मग ग्लास फुटणार, बिलावरून तोंड वाजणार, कुणीतरी कुणाच्या आईचा उद्धार करणार. आणि दारावरचे पहिलवान तर त्याचीच वाट बघत असायचे. तालमीत कमावलेलं अंग, दिवसभर स्टुलावर बसून आंबलेलं. पाहुण्याला कॉलर धरून बाहेर काढायचं, दोन ठेवून द्यायच्या, जमलं तर खिसा हलका करायचा. पाहुणेही मग डिकीतून जॅकचा दांडा काढायचे. शेजारच्या एका बारमध्ये तर एका पोराचा डोळा गेला. पेपरात बातमी आली, काही दिवस पोलिसांची जीप फिरली, पुन्हा जैसे थे.

हॉटेल चंद्रविलासच्या बन्सीलाल शेठनी नवा माणूस ठेवला, तेव्हा मला वाटलं आणखी एक बैल आला. पुना वना त्याचं नाव. सोनगीरच्या पलीकडे, किल्ला दिसतो पण किल्ल्याचा काही उपयोग नाही अशा एका गावचा शेतकरी. उंची बेताची, मान जवळजवळ नाहीच, खांदे मात्र दारात मावणार नाहीत असे. कोरडवाहू कापसावर घर चालेना म्हणून बारच्या दारावर आला होता. आल्या आल्या त्याने स्टूल मागच्या बाजूला ठेवून दिलं आणि उभा राहिला.

पहिल्याच आठवड्यात एका जाड्या पाहुण्याने आत टेबल उलटं केलं. मी दुकानातून मान लांब करून बघत होतो. पुना आत गेला आणि बाहेर आला तेव्हा तो जाड्या त्याच्याबरोबर चालत होता. ओढत नाही, ढकलत नाही. पुनाने त्याच्या डाव्या बाजूने आपला उजवा खांदा त्याच्या काखेत घातला होता, हात पाठीमागून घेऊन कमरेला धरलं होतं, आणि त्याच्याच पावलाने चालला होता. जाड्या शिव्या देत होता, हवेत मुठी मारत होता, पण पाय आपले मुकाट्याने गाडीकडे चालले होते. पुनाने त्याला सीटवर बसवलं, दार लावलं आणि परत येऊन उभा राहिला. मला हसूच आलं.

"पुनाभाऊ, हाई कोनता डाव?" मी विचारलं.

"डाव नही नाना. बगल शे. माणूसले पडू देवाना नही, तेवढंच काम शे."

बगल म्हणजे काय, ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे यात्रेत बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकीला एक बांधायच्या, त्यांच्यावर माणसं लटकतील तेवढी लटकायची, आणि भगत म्हणजे देवाचा माणूस त्या सगळ्या एकट्याने ओढतो. गाड्या एकदा सुटल्या की भगताला थांबता येत नाही. पुढे पडला तर चाकं त्याच्यावरून जातील. म्हणून त्याच्या दोन्ही काखांत खांदा देऊन दोन माणसं पळतात. त्यांना बगले म्हणतात. भगत दमला, देव अंगात येऊन डोळे मिटले, पाय लटपटले, तरी बगल्यांनी त्याला उभं ठेवायचं. पुनाच्या गावी चैत्रात मरीमातेची यात्रा भरते. तिथे डाव्या बगलेचा मान पुनाच्या घराला होता. बाप वना डाव्या बगलेला पळाला, त्याच्यामागे पुना. उजवी बगल दुसऱ्या घराची. भगत होते रुपचंद आबा, पांढऱ्या मिशांचे, बोलायला अगदी कमी.

तर गडी हे काम बारच्या दारात करत होता! मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगतो, त्या रस्त्यावर तसं काम मी आधी पाहिलं नव्हतं. चंद्रविलासच्या दारात मारामारी होईनाशी झाली. पुना पाहुण्याशी भांडायचा नाही आणि त्याला उपदेशही करायचा नाही. "चाला शेठ, हळू, आठे पायरी शे," असं म्हणत न्यायचा. पिणाऱ्याला कुणी हरवलं नाही की त्याचा राग फार टिकत नाही, हे मी त्याच्यामुळे शिकलो. कित्येक पाहुणे पुढच्या खेपेला येऊन त्याच्याशी हात मिळवायचे. आदल्या वेळी आपण याच्या थोबाडीत मारली होती, हे त्यांना आठवत नसे. पुनाला आठवत असे. तो हसून हात मिळवायचा.

त्याच्याबरोबर दारावर लोटन होता. पुनाच्याच गावचा, तिशीच्या आतला, कुस्तीच्या फडातला नावाजलेला गडी आणि डोक्याने भडक. काठीशिवाय त्याला करमत नसे. पुनाने त्याच्या मागे लागून त्याला बगल द्यायला शिकवली. "खांदा खाले घाल. त्याना पाय देख, तोंड नको देखू. तोंड देखं का राग येस." लोटन शिकला, पण नाखुशीने. त्याच्या मते हे बायकी काम होतं. पुनाने त्याला एवढंच विचारलं, की मग माझा बाप बाई होता का. लोटनने खांदा पुन्हा खाली घातला.

गावात मात्र कुरबुर चालू झाली होती. जो दारूच्या दारावर उभा राहतो, जो दिवसभर दारुड्यांना काखेत घेतो, त्याने यात्रेत भगताला हात लावायचा? पंचांनी त्याला देवळात बोलावलं. ही हकिकत पुनाने मला स्वतः सांगितली. रुपचंद आबा खाली बघत म्हणाले, "पुना, तू दारूना दारवर उभा राहस, आसं बठ्ठा गाव बोली राह्यनं."

"उभा राहस, आबा. पन पेस नही."

आबांनी मान हलवली. पंच काही इतके मऊ नव्हते. शेवटी त्यांनी ठरवलं, या वर्षी चालू द्या, पण बारमध्ये एकही मारामारी पुनाच्या नावावर आली, पोलिसांत नाव गेलं, तर डावी बगल त्याच्या घरातून कायमची काढायची. पुनाने कबूल केलं. नोकरी गेली तर दुसरी मिळेल, शेत आहे, मजुरी आहे. पण बापाच्या खांद्यावरून आपल्या खांद्यावर आलेली जागा आपल्या हातून गेली, तर गावात तोंड कसं दाखवायचं, हे त्याला सुचत नव्हतं. त्याची बायको मंजुळाबाई तर दर मंगळवारी तो सुट्टीला घरी गेला की आधी अंगावर कुठे ओरखडा नाही ना, ते बघायची आणि मगच भाकरी टाकायची.

होळीनंतरचा रविवार होता. भर दुपार. सुरतेची एक पांढरी गाडी रस्त्याच्या अलीकडे, माझ्या दुकानाच्या बाजूला लागली होती. गाडीतले दोघे पुतणे माझ्याकडे पान खायला आलेले आणि त्यांचे काका अजून चंद्रविलासमध्ये. काका बाहेर आले ते थेट रस्त्यावर. पांढरा सफारी, कानाला अजून गुलाल, आणि पावलं कुठे पडतात याचा पत्ता नाही. दोन्हीकडून ट्रक धावत होते. पुना धावला, काखेत खांदा घातला आणि काकांना काठाला थोपवून धरलं. काका ओरडायला लागले, "छोड! अरे छोड ने मने!"

पुतण्यांनी मान वळवली तर काय दिसलं? एक रेड्यासारखा माणूस आपल्या काकांना आवळून धरून उभा आहे आणि काका सुटायला धडपडत आहेत. त्या रस्त्यावर खिसे कापतात, डोळे फोडतात, हे त्यांनी ऐकलेलंच होतं. मी ओरडलो, "अरे भाई, वो संभाल रहा है!" पण माझं ऐकतो कोण! त्यांनी डिकी उघडली, दांडा काढला आणि ट्रकांमधून वाट काढत रस्ता ओलांडून गेले. पहिला तडाखा पाठीवर बसला. पुना हलला नाही. दुसरा काकांच्या पाठीमागून घेतलेल्या हातावर बसला, उजव्या कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज मी रस्त्याच्या अलीकडे ऐकला.

आता तुम्ही म्हणाल, सोडून द्यायचं. मीही तेच ओरडत होतो. पण ट्रकची रांग तुटली नव्हती आणि काका सगळा भार त्याच्यावर टाकून लोंबत होते. सोडलं असतं तर ते पुढच्या चाकाखाली गेले असते. पुनाने मोडलेला हात लोंबू दिला, काखेत खांदा आणखी वर सारला, डाव्या हाताने काकांचा पट्टा पकडला, आणि रस्ता मोकळा होताच त्यांच्याच पावलाने त्यांना अलीकडे, गाडीपाशी आणलं. पुतणे मागून मारतच होते. मी दार उघडलं. काकांना सीटवर बसवेपर्यंत त्याने सोडलं नाही. तेव्हा त्या पुतण्यांपैकी एकाला उमगलं असावं. दांडा हातात घेऊन तो नुसता उभा राहिला.

तोवर लोटन काठी घेऊन आला होता. शेजारच्या बारांतलेही चार-पाच जण मजा लुटायला धावत येत होते. लोटनच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं. "सोडाव नही आज याले! जित्ता सोडाव नही!" दांडेवाला पुतण्या पांढराफटक. आणि पुना, ज्याचा हात लाकडासारखा लटकत होता, तो लोटनच्या काखेत शिरला. उजवा खांदा कामाचा नव्हता, म्हणून डावा घातला. "चाल. पाय देख तुना. माना तोंड नको देखू, पाय देख." लोटन रडत होता, शिव्या देत होता आणि चालत होता. मी आयुष्यात फार थोड्या लोकांना मनातून हात जोडले आहेत. त्या दिवशी माझ्या दुकानासमोर, भर उन्हात, मी जोडले.

पोलीस आले तेव्हा गाडी निघून गेली होती. हवालदाराने विचारलं, कुणी मारलं? पुना भिंतीला टेकून बसला होता, चेहरा राखेसारखा झालेला. म्हणाला, "मी पडनू, साहेब. वट्टावरथीन पडनू." ओट्यावरून पडलो म्हणाला, कारण नाव पोलिसांत जायला नको होतं. हवालदाराला कळत होतं, मला कळत होतं, सगळ्यांना कळत होतं. हवालदारही भला निघाला, निघून गेला. मंजुळाबाई दवाखान्यात आल्या त्या बोलतच. "जगना लोके सांभाळतस तुम्ही, नि सोता पडनात म्हने!" आणि मग त्या पदर तोंडात धरून मागे वळल्या, कारण रडताना बघितलेलं त्यांना चालत नसे.

प्लास्टर निघालं तेव्हा यात्रा जवळ आली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कोपर आता पूर्ण वळणार नाही. पुनाने ते कानाआड केलं. पंचांची अट त्याने पाळली होती ना? पोलिसांत नाव नव्हतं. डावी बगल त्याची होती. एका दुपारी माझ्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्याने लोटनला उभं केलं. म्हणाला, "तू भगत. आंग सोडी दे." लोटनने अंग सोडलं. पुनाने खांदा दिला, हात मागून घेतला, आणि दोन पावलांतच लोटन त्याच्या हातातून निसटून धुळीत पडला. पुन्हा केलं. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा लोटन मुद्दाम स्वतःच्या पायावर उभा राहायला लागला, तर ही फसवणूक पुनाला कळली आणि तो ओरडला, "फशाडू नको माले!"

मग तो माझ्या फळीवर येऊन बसला. मी पान पुढे केलं, घेतलं नाही. त्याला अडवणारं आता कुणी नव्हतं. तो गप्प राहिला असता तर यात्रेत डाव्या बगलेला उभा राहिला असता. कदाचित निभावलंही असतं. उजवा बगल्या दणकट होता. पण ते 'कदाचित' त्याच्या घशाखाली उतरेना. संध्याकाळच्या एसटीने तो गावी गेला आणि बरोबर लोटनला घेऊन गेला. मीही गेलो. दुकान बंद केलं, लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

रुपचंद आबा ओट्यावर बसले होते. मरीमातेचा उपास चालू होता, त्यामुळे गाल बसले होते. पंचातले दोघे होते. पुनाने हात पुढे करून दाखवला. "आबा, हाऊ हात तुम्हले धरी शकाव नही."

आबांनी त्या हाताला हात लावला. वळवून पाहिला. "मंग कोन?"

"लोटन."

"तो मारकुट्या?"

"व्हता," पुना म्हणाला.

पंचांचा पारा चढला. एक दारूच्या दारावरचा जातो, तर दुसरा तिथलाच? गावात काय माणसं मेली? लोटन खाली मान घालून उभा होता, काठीशिवाय, आणि तेव्हा तो मला खूपच लहान वाटला. पुनाने मग त्या रविवारची सगळी हकिकत सांगितली. स्वतःची नाही, लोटनची. एवढी चीड आलेली असताना हा कसा चालत गेला, हे सांगितलं. पुनाच्या कोपरावर बसलेल्या दांड्याचं नाव घेतलं ते मी. घेतल्यावाचून राहवलंच नाही मला.

शेवटी आबा उठले. "पडसू ते मी पडसू. चाकं मना आंगवरथीन जातीन. हात कोना खांदावर ठेवाना, ते मीच ठरावसू." आणि पंचांकडे न बघता म्हणाले, "मान पुनाना घरनाच राही. लोटन त्याना घरथीन उभा राही." पुनाने आबांच्या पायाला हात लावला. डावा.

यात्रेच्या दिवशी उन्हं कलताना गाड्या जोडल्या गेल्या. पुनाने लोटनच्या उजव्या खांद्याला हळद लावली. मग तो मागे सरला आणि माझ्या शेजारी गर्दीत येऊन उभा राहिला. कसं उभं राहावं हे त्याला समजत नव्हतं. हात कुठे ठेवायचे, कुठे बघायचं. लग्नात भलत्याच मांडवात शिरलेल्या माणसासारखा तो अवघडला होता. मी मुद्दाम त्याच्याकडे बघितलं नाही.

मरीमातेच्या नावाने गर्जना झाली आणि गाड्या सुटल्या. नाल्याच्या उतारावर आबांचा पाय अडखळला. लोटन खाली गेला, पुन्हा वर आला, आणि आबा उभे होते. पळत होते! मी ओरडलो, "पुनाभाऊ, सांभाळं! सांभाळं त्याने!"

पुनाने ते पाहिलंच नव्हतं. तो लोटनकडे बघत नव्हता, आबांकडेही नाही. एवढ्या वर्षांत त्याने यात्रेच्या दिवशी भगताच्या पायांखेरीज काही पाहिलं नव्हतं. आता धुळीतून एकामागून एक गाड्या त्याच्यासमोरून जात होत्या, पोरं, झेंडे, नारळाची तोरणं, आणि तो तोंड उघडं टाकून बघत होता. शेवटच्या गाडीवर मानाच्या घरच्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यात मंजुळाबाई होत्या, पदर उडालेला, बाजूच्या लाकडाला घट्ट धरून मोठ्याने हसत होत्या.

पुनाने माझा दंड धरला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान त्याला नव्हतं.

"नाना," तो म्हणाला, "घरनी दरसाल बठस तठे. कितली हासस ती! माले कोनी सांगंच नही."